साइटवरून सरळ मार्गाने कमाई: कुठली पायरी आधी, कुठली नंतर

‘साइट सुरू करून तीन आठवडे झाले, जाहिराती लागत नाहीत, काय करू?’ ठाण्यातल्या नौपाड्यात चहाला बसलो की महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न कानावर येतो. विचारणारा हुशार असतो, लिहितोही बरं. फक्त शेवटची पायरी त्याने पहिली चढायला घेतलेली असते. मग जाहिराती मिळाव्यात म्हणून दहा ठिकाणचा मजकूर उचलायचा, वाचक दिसावेत म्हणून विकतचे क्लिक आणायचे, आणि सहा महिन्यांत खातं बंद झालं की ‘मराठीत पैसा नाही’ म्हणून मोकळं व्हायचं.

माझी साइट बाल्कनीतल्या भाजीपाल्याची. घोडबंदर रोडवर नवव्या मजल्यावर, चार फूट बाय अकरा फुटांच्या जागेत काय जगतं आणि काय मरतं, एवढाच विषय. त्यातून नोकरी सोडण्याइतके पैसे येत नाहीत. होस्टिंग, डोमेन निघतं, वर घरखर्चाला हातभार लागतो. ज्यांची साइट आधीच उभी आहे आणि थोडे का होईना वाचक येतात, त्यांच्यासाठी हा क्रम आहे.

प्रत्येक पायरीवर एक कसोटी लावायची: हा पैसा मला कोणी दिला, हे त्याच पानावर, पहिल्या दोन ओळींत, साध्या मराठीत लिहायला मी तयार आहे का? तयार नसाल तर तो पैसा सोडा.

पायरी १: वाचक मोजा, आणि खरे मोजा

साइटला गूगलची सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्स ही वाचक मोजायची साधनं जोडा. दोन्ही फुकट आहेत. सर्च कन्सोल फक्त गूगलच्या शोधातून आलेले क्लिक दाखवतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा थेट पत्ता टाकून आलेले वाचक अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसतात. दोन्हींचे आकडे कधीच जुळत नाहीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आधी स्वतःच्या फेऱ्या वगळा. नव्या साइटवर सगळ्यात निष्ठावान वाचक मालकच असतो, दिवसातून वीस वेळा बघणारा. घरच्या वायफायचा आयपी पत्ता ‘अंतर्गत ट्रॅफिक’ म्हणून नोंदवा आणि त्यावरचं फिल्टर चालू करा. नुसती नोंद करून फिल्टर चालू न करणारेच जास्त.

मग तीन महिने थांबा. सरासरी काढा. सगळ्यात चांगला महिना पकडून तोच आकडा सांगत फिरू नका.

आता खरं काम: लोक नक्की कशासाठी येतात ते पाहा. मला वाटायचं, टोमॅटो आणि मेथीसाठी येत असतील. सर्च कन्सोल उघडल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त मंडळी कबुतरांसाठी येतात. जाळी कशी लावायची, कुंडीतली रोपं कशी वाचवायची, घरटं काढायचं की नाही. ज्या लेखाला मी भरतीचा समजत होतो, तोच साइटचा खांब होता. पुढे मिळालेला पहिला जाहिरातदारही त्यातूनच आला.

*तपासा:* सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या दहा पानांची यादी कागदावर लिहिली का? प्रत्येकासमोर ‘हे वाचून माणूस पुढे काय विकत घेतो किंवा कोणाला बोलावतो’ याचं उत्तर लिहा. दहापैकी नऊ पानांसमोर काहीच सुचलं नाही तर अजून सहा महिने नुसतं लिहा. कमाईचा विचार तोवर बाजूला.

*शहराच्या आकड्यावर विसंबू नका.* अ‍ॅनालिटिक्स आयपी पत्त्यावरून गाव ओळखतं. मोबाइलवर वाचणारा ठाणेकर किंवा ऐरोलीकर बऱ्याचदा मुंबईत मोजला जातो. दुकानदाराला सांगताना ‘मुंबई, ठाणे, नवी मुंबई मिळून’ असंच सांगा.

पायरी २: घर आवरा

पाहुण्याला बोलावण्याआधी घर आवरतो तसं. चार पानं हवीतच: तुम्ही कोण, संपर्क, गोपनीयता धोरण आणि पैशांबद्दलचं पान. यातली पहिली तीन जाहिरात कंपन्या आणि पेमेंट गेटवेवालेही (साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणारे) तपासतात. गोपनीयता धोरण दुसऱ्या साइटवरून जसंच्या तसं चिकटवणं ही नेहमीची चूक. त्यात त्या साइटचं नाव तसंच राहिलेलं मी तीन ठिकाणी पाहिलं आहे. तुम्ही कुकी (वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी छोटी नोंद) वापरता का, ईमेल पत्ते गोळा करता का, कोणाला देता, हे तुमच्या शब्दांत लिहा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ‘फॉर्म भरला म्हणजे संमती दिलीच’ हा समज सोडून द्यावा लागतो. ज्या कामासाठी पत्ता घेतला त्याच कामासाठी वापरायचा.

चौथं पान मी मागाहून जोडलं, आणि ते आधीच असायला हवं होतं. शीर्षक साधं: ‘ही साइट पैसे कसे कमावते’. कोणाच्या जाहिराती घेतो, कोणाच्या घेत नाही, मोफत आलेल्या वस्तूंचं काय करतो, कमिशन कुठे मिळतं. हे पान लिहिताना हात अडखळला तर समजा की धोरण अजून ठरलेलं नाही.

मग उचललेले फोटो काढा. गूगलवर चित्र दिसतं म्हणजे ते फुकट असतं असं नाही. कमाई नसताना कोणी लक्ष देत नाही, कमाई सुरू झाली की नोटीस येते. स्वतःचे फोटो नसतील तर पान बिनफोटोचं ठेवा.

पायरी ३: लेबल आधी, पैसा नंतर

ही पायरी लोक वगळतात आणि पुढे हीच महागात पडते. पैसा आल्यावर लेबलचे शब्द शोधायला बसलं की ते शब्द आपोआप बारीक आणि गोलमटोल होतात. म्हणून आधीच चार लेबलं ठरवून साइटच्या साच्यात बसवून ठेवा:

‘जाहिरात’: बॅनर किंवा चौकटीसाठी.
‘पैसे घेऊन लिहिलेला लेख’: प्रायोजित मजकुरासाठी. ‘प्रायोजित’ही चालतं, पण माझ्या आईला तो शब्द कळत नाही, म्हणून मी वापरत नाही.
‘वस्तू मोफत मिळाली’: परीक्षणासाठी.
‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं’: अ‍ॅफिलिएट लिंकसाठी.

जागा: शीर्षकाच्या लगेच खाली, लेखाइतक्याच मोठ्या अक्षरात. तळाशी राखाडी रंगात नाही, ‘आणखी वाचा’च्या पलीकडे तर नाहीच. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या स्वयंनियमन संस्थेची डिजिटल माध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१पासून लागू आहेत. पैसे, वस्तू, नातेसंबंध, काहीही देवघेव असेल तर ती सुरुवातीलाच उघड करा आणि सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत करा, असा त्यांचा रोख. त्यावर कायद्याचा हात आहेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची जून २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं यांनुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा चूक केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची, नंतर तीन वर्षांपर्यंतची बंदीही येऊ शकते.

दंडाची भीती छोट्या साइटवाल्याला फारशी नसते. मला तर नव्हतीच. एका उत्पादकाने ठिबकचा संच मोफत पाठवला, मी दोन दिवस चालवून भरभरून लिहिलं. ‘संच मोफत मिळाला’ ही ओळ होती, पण लेखाच्या शेवटी, टिप्पणीच्या खोक्याच्याही वर जेमतेम. ऐरोलीच्या एका बाईंनी तो वाचून संच घेतला. तीन आठवड्यांत नळी सांध्यातून सुटली आणि खालच्या घरात पाणी गेलं. त्यांनी मला एकच ओळ लिहिली: ‘फुकट आलं होतं हे वर लिहिलं असतंत तर मी जरा थांबले असते.’ त्या दिवशी लेबल वर गेलं आणि परीक्षणाआधी साठ दिवस वापरायचा नियम झाला.

*तपासा:* पान मोबाइलवर उघडा. बोट न हलवता लेबल दिसतं का? दिसत नसेल तर ते नाहीच असं धरा.

पायरी ४: वही आणि खातं

पहिला रुपया येण्याआधी वेगळं बँक खातं उघडा. सुरुवातीला साधं बचत खातं पुरतं, व्यवहार नियमित होऊ लागले की बँकच चालू खात्याचं विचारेल. घरच्या खात्यात दूधवाला, शाळेची फी आणि जाहिरातीचे पैसे एकत्र आले की मार्चमध्ये डोकं धरून बसावं लागतं.

एक्सेलमध्ये सात रकाने करा: तारीख, कोणाकडून, कुठल्या पानासाठी, रक्कम, कापलेला टीडीएस, बिल क्रमांक, लेबल लावलं का. शेवटचा रकाना सीएला नको असतो, तो तुमच्यासाठी आहे.

करांचं थोडक्यात. ही सगळी कमाई उत्पन्नच आहे, दहा हजार असली तरी विवरणपत्रात दाखवायची. कंपन्या टीडीएस कापतात, तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर दिसतो का ते दर तिमाहीला पाहा. एका देणाऱ्याकडून वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू मोफत आल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम जुलै २०२२पासून आहे. वापरून परत केलेली वस्तू त्यात धरली जात नाही. म्हणून महागडं यंत्र परीक्षणानंतर परत पाठवलेलं बरं, कराच्या दृष्टीनेही आणि मनाच्याही.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावून पैसे घेणं बेकायदा आहे. ‘बिल पक्कं दिसावं’ म्हणून १८ टक्के लावणारे भेटले आहेत, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर लागतो. तुम्हाला तो कधीपासून लागू होतो ते सीएला विचारून घ्या.

पायरी ५: पहिला जाहिरातदार जवळचाच शोधा

आता गणित करू. समजा, अ‍ॅडसेन्ससारख्या, म्हणजे साइटवर आपोआप जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या सेवेसारख्या जाहिरात-जाळ्यातून हजार पानं वाचली गेल्यावर ५० रुपये सुटतात. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही, म्हणजे अंदाजे नऊ हजार रुपये. त्यासाठी एक लाख ऐंशी हजार पानं वाचली जायला हवीत. महिन्याला सहा हजार पानं वाचली जाणारी साइट असेल तर अडीच वर्षं. आणि हेच वाचक ज्याच्या कामाचे आहेत असा एक दुकानदार महिन्याला हजार रुपये द्यायला तयार झाला तर? नऊ महिने. शिवाय तो दुकानदार ओळखीचा, त्याच्या मालाची जबाबदारी तुम्हाला डोळ्यांनी पाहता येते.

पायरी १मधली यादी काढा. माझ्या यादीत कबुतरं होती, म्हणून मी जाळी बसवणाऱ्याकडे गेलो. मातीवरचं पान चालत असेल तर घोडबंदर रोडवरच्या रोपवाटिका, स्वयंपाकाची साइट असेल तर जांभळी नाक्यावरचे मसालेवाले, शिष्यवृत्तीच्या सरावाची असेल तर नेरूळ-वाशीतले क्लास. मोठ्या ब्रँडला मेल पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका.

जायचं कसं, याचा क्रम:

आधी एक पान छापून घ्या. तीन महिन्यांची सरासरी, कुठल्या पानावर जागा आहे, त्याचा नमुना, दर. बस. सादरीकरण, लॅपटॉप, पाय चार्ट काही नको. काउंटरवर उभं राहून दीड मिनिटात बोलायचं असतं.

दुपारी तीनच्या सुमाराला जा. सणाच्या आठवड्यात नको, संध्याकाळी तर अजिबात नको. हंगामाच्या महिनाभर आधी बोलणी करा; बियाणंवाल्याला मे महिन्यात भेटायचं, जुलैत नाही.

दर महिन्याचा सांगा, क्लिकचा नको. शेठ तुमची तुलना पेपरात घालायच्या पत्रकांशी करणार आहे. हजार पत्रकांना छपाई आणि वाटप धरून त्याला किती पडतात ते आधी विचारा, मग त्याच्या भाषेत बोला.

‘किती गिऱ्हाईक येईल?’ हा प्रश्न येणारच. आकडा देऊ नका. मी एवढंच म्हटलं, ‘सांगता येणार नाही. तीन महिने लावून बघू, फोन करणाऱ्याला साइटवर पाहिलं असं सांगायला लावतो, तुम्ही मोजा.’ जाळीवाले दादा हसले, म्हणाले, ‘सगळे शंभर म्हणतात, तुम्ही पहिले नाही म्हणालात.’ आणि तीन महिन्यांचे आगाऊ दिले.

कराराला वकील लागत नाही, एक पान पुरतं. जागा, आकार, मुदत, रक्कम. साइट बंद पडली तर तेवढ्या दिवसांचे पैसे परत. जाहिरातीतल्या दाव्यांची जबाबदारी कोणाची. आणि एक कलम ठळक अक्षरात: लेखात काय लिहायचं हे जाहिरातदार ठरवणार नाही.

या कलमाची परीक्षा लवकर होते. माझ्या लेखात ‘पातळ दोऱ्याची जाळी उन्हात लवकर कुजते, घेऊ नका’ असं वाक्य आहे. दादा पातळ जाळीही विकायचे, स्वस्तात हवी म्हणणाऱ्यांना. दुसऱ्या महिन्यात फोन आला, ‘तेवढं वाक्य काढा की.’ काढलं नाही. पैसे परत करायची तयारी दाखवली. ते आठवडाभर गप्प राहिले आणि मग त्यांनीच बॅनर बदलून पाठवला: ‘आम्ही जाड जाळी लावतो.’ प्रत्येक वेळी असं गोड होईलच असं नाही. एक रोपवाटिका अशाच कारणाने सोडून गेली.

*थांबा:* एका विषयात एकच जाहिरातदार घेतला असेल आणि त्याच विषयावर ‘सर्वोत्तम पाच’ असा लेख लिहायचा असेल, तर तो लेख लिहू नका. लेबल लावूनही तो सरळ होत नाही.

पायरी ६: कमिशनच्या लिंका

अ‍ॅफिलिएट म्हणजे तुमच्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकान तुम्हाला टक्केवारी देतं. चुका इथे ढिगाने होतात, कारण सुरुवात फार सोपी आहे.

अ‍ॅमेझॉनचंच उदाहरण घ्या. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही. लिंकवर क्लिक केल्यापासून साधारण २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली गेली तरच ती तुमच्या खात्यात धरली जाते. अर्ज केल्यावर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. यामुळेच तिसऱ्या पायरीनंतर लगेच अर्ज करू नका. आधी वाचक, मग अर्ज.

किंमत लेखात हाताने टाइप करू नका. ती सकाळी एक असते, रात्री दुसरी. वाचकाला चुकीचा आकडा दाखवला जातो आणि दुकानाच्या नियमांतही ते बसत नाही. ‘किंमत लिंकवर पाहा’ एवढं पुरे.

लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण घाला. गूगलने सप्टेंबर २०१९मध्ये ती खास पैसे घेतलेल्या लिंकांसाठी आणली. वर्डप्रेसमध्ये बहुतेक एसईओ (साइट शोधात वर दिसावी यासाठीच्या) प्लगिनमध्ये यासाठी एक चौकट टिचकीसरशी मिळते. ही खूण शोधयंत्रासाठी आहे, वाचकासाठीचं मराठी लेबल वेगळं. एक लावलं म्हणजे दुसरं सुटलं असं होत नाही.

आणि लिंक कशाला द्यायची? जी वस्तू घरात आहे तिलाच. माझ्या साइटवर नऊ वस्तूंच्या लिंका आहेत. त्यांतल्या दोन ठिकाणी मी लिहिलं आहे की जांभळी नाक्यावर हेच स्वस्त मिळतं, तिकडून घ्या. कमिशन जातं. पण ते वाचलेला माणूस उरलेल्या सात ठिकाणी विश्वासाने क्लिक करतो, हे वहीत दिसतं.

मधेच: ज्या मेलना ‘नाही’ म्हणायचं

साइट जरा वर आली की मेल सुरू होतात. ‘तुमच्या साइटवर आमचा लेख टाका, दोन लिंका, तीन हजार रुपये, पण स्पॉन्सर्ड लिहायचं नाही.’ ही लिंकविक्री. शेवटची अटच सगळं सांगते. गूगलच्या नियमांत ही फसवणूक धरली जाते आणि पूर्ण साइट शोधातून खाली जाऊ शकते. मे २०२४पासून तर चांगल्या साइटच्या नावावर तिसऱ्याचाच मजकूर चालवण्याविरुद्ध वेगळं धोरणही आहे.

त्या लिंका कुठे जातात ते उघडून पाहा. बहुतेक वेळा पैसे लावून खेळायच्या साइट निघतात. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांची जाहिरात करणं हाच गुन्हा धरला आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड. तीन हजारांसाठी.

शेअरच्या टिप्स, सेबीची नोंदणी नसलेले सल्लागार, ‘आठवड्यात वजन घटवा’ची पावडर, पैसे घेऊन खोटे अभिप्राय लिहून देणं: उत्तरही पाठवू नका.

पायरी ७: स्वतःचं काहीतरी विका

इथे मिळणारा पैसा सगळ्यात स्वच्छ, कारण मध्ये कोणाचा दबाव नाही. तुमचं ज्ञान, तुमचा वेळ, घेणारा समोर. मी ४० पानांचं एक पीडीएफ विकतो: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत कुठल्या महिन्यात काय पेरायचं, पश्चिमेच्या बाल्कनीत काय टिकतं. शिवाय रविवारी घरी जाऊन बाल्कनी पाहून सल्ला देतो, महिन्यातून चारच.

क्रम उलटा करू नका. आधी वीस पानं तयार, मग जाहीर करणं. आगाऊ पैसे घेऊन ‘लवकरच येत आहे’ म्हणणाऱ्याचं पुस्तक पुढच्या गणपतीतही येत नाही.

पेमेंट गेटवे घ्यायचा तर पॅन, बँक खातं, आणि साइटवर किंमत, अटी, परतावा धोरण, संपर्क ही पानं लागतात. ती नसली की अर्ज अडकतो. कार्डावरच्या व्यवहाराला साधारण दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा. १९९ रुपयांच्या विक्रीत पावणेपाच रुपये जातात. महिन्याला पाच-सात प्रती विकणार असाल तर यूपीआयचा क्यूआर आणि हाताने पाठवलेला मेल पुरतो. फक्त क्यूआर त्या वेगळ्या खात्याचा असू दे.

परताव्याचं धोरण एका वाक्यात: सात दिवसांत कारण न विचारता पैसे परत. पीडीएफ ठेवून घेतील ही भीती मलाही होती. परत मागणारे इतके थोडे निघाले की भीतीच हास्यास्पद वाटली.

विक्रीच्या पानावर लबाडी नको. खोटं उलटं घड्याळ, ‘फक्त तीन प्रती शिल्लक’ (पीडीएफच्या!), आधीच टिक केलेली चौकट, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, सहज घेता येणारं पण बंद न करता येणारं सदस्यत्व. नोव्हेंबर २०२३च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा क्लृप्त्यांची यादी आहे. तयार थीममध्ये यांतल्या दोन-तीन चालूच असतात, त्या हाताने बंद कराव्या लागतात.

वाचकांकडून ऐच्छिक वर्गणी घ्यायची असेल तर ‘देणगी’ शब्द टाळा. देणगी म्हटलं की लोक करसवलतीची पावती मागतात, आणि ती तुम्ही देऊ शकत नाही. ‘साइट चालवायला हातभार’ म्हणा. तेही उत्पन्नच, वहीत जातं.

पायरी ८: आता अ‍ॅडसेन्स

सगळ्यात शेवटी, आणि फक्त ज्या पानांवर दुसरं काही नाही तिथे. मराठी मजकुराला अ‍ॅडसेन्स चालतं, त्यामुळे ‘इंग्रजीत लिहावं लागेल का’ ही शंका नको. अर्जदार १८ वर्षांचा हवा, मजकूर स्वतःचा, मेनू चालू, वरची पानं जागेवर. पायरी २ नीट केली असेल तर नकार यायची शक्यता कमीच.

खात्यातलं नाव बँकेतल्या नावाशी अक्षरशः जुळवा. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, असं नको. ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ नावाची, तुमच्या साइटवर जाहिराती विकायची परवानगी कोणाला आहे हे सांगणारी छोटी फाइल साइटवर टाकायला सांगतात, ती त्याच दिवशी टाका.

‘आपोआप जाहिराती’ हा पर्याय पहिल्या दिवशी बंद ठेवा. तो चालू केला की दोन परिच्छेदांमध्ये, फोटोखाली, मेनूजवळ, जिथे जागा मिळेल तिथे चौकटी उगवतात. स्वतः तीन जागा ठरवा. डाउनलोडच्या बटणाजवळ किंवा फोटोला चिकटून जाहिरात लावली की बोट चुकून पडतं, आणि चुकीचे क्लिक तुमच्याच अंगाशी येतात. मोबाइलवर जाहिरातींनी मजकुराच्या उंचीचा ३० टक्क्यांहून जास्त भाग व्यापला की ते उद्योगाच्या ‘बेटर अ‍ॅड्स’ मानकांत बसत नाही. आपोआप वाजणारा व्हिडिओ तर नकोच. हार्बर लोकलच्या गर्दीत कोणाच्या तरी खिशातून तुमची साइट ओरडायला लागेल.

*सक्त मनाई:* स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक. घरच्यांचे क्लिक. विकतचं ट्रॅफिक. आणि ‘जरा जाहिरातींवर टिचकी मारा हं’ अशी विनंती. मी पूर्वी एका वेगळ्या जाहिरात-जाळ्यात होतो. उत्साहात सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि नेमकी हीच विनंती केली. सहासष्ट घरांनी शेजारधर्म पाळला. दोन दिवसांत खातं बंद, साठलेले पैसे जप्त, आणि अपील करायला माझ्याकडे खरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

शेवटची अडचण पोस्टाची. कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळण्यासाठी पिन छापलेलं साधं पत्र येतं, साधारण दोन ते चार आठवड्यांत. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्ता लिहिताना विंग, फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं पूर्ण नाव, जवळची खूण आणि पिनकोड, सगळं लिहा. घोडबंदर रोडवर एकाच नावाच्या तीन-तीन इमारती आहेत. पत्र रजिस्टर्ड नसतं, कुरिअरसारखा फोन येत नाही. माझं पहिलं पत्र वॉचमनच्या टेबलाखालच्या गठ्ठ्यात, कोणाच्या तरी वीजबिलाला चिकटलेलं सापडलं, ते मी दुसरा पिन मागवल्यानंतर. कमाई १० डॉलर झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी तो गठ्ठा स्वतः चाळा.